इंग्रजी भूतकाळ आणि आपली घरची भाषा

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडील मुलांच्या वह्या ज्यांनीं तपासल्या असतील, त्यांस 'ही डिड नॉट वेन्ट' हें वाक्य चांगलेंच ओळखीचें असेल. शाळेंत या वाक्याखालीं तांबडी रेघ ओढली जाते, घरीं वडीलधारीं माणसें 'किती वेळां सांगितलें!' म्हणून रागें भरतात, आणि मूल बिचारें 'गो, वेन्ट, गॉन' ही माळ पुन्हां पहिल्या मण्यापासून ओढूं लागतें. माळ पाठ होते. चूक मात्र तशीच राहते. कारण ही चूक विस्मरणाची नाहींच. 'वेन्ट' हें रूप मुलाला आठवलें, म्हणून तर तें त्यानें लिहिलें! चुकीचें मूळ इंग्रजीच्या पुस्तकांत शोधून सांपडावयाचें नाहीं. तें आपल्या घरच्या मराठींत आहे.

इंग्रजी व मराठी या दोन व्याकरणांचा शेजार आपल्याकडे जुना आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें. आणि तर्खडकरांच्या नांवानें ओळखली जाणारी भाषांतर पाठमाला तर कित्येक घरांत आजोबांच्या हातून नातवाच्या हातीं आली. या शेजाराचे फायदे पुष्कळ झाले, परंतु एक तोटाहि झाला. दोन भाषांतील दोन निराळ्या वस्तूंना एकच नांव पडलें. 'तो गेला' हाहि भूतकाळ आणि 'ही वेन्ट' हाहि भूतकाळ, असें एकदां म्हटलें, कीं दोहोंचें कार्यहि एकच असणार, अशी समजूत सहज होते. वस्तुतः मराठींतील 'गेला', 'केलें', 'आलों' हीं रूपें मुख्यतः क्रिया पुरी झाली, एवढेंच सांगतात. इंग्रजींतील साधा भूतकाळ ती क्रिया केव्हांची आहे आणि 'आतां'पासून ती तुटलेली आहे, हें सांगतो. एक भाषा 'झालें का?' असें विचारते, दुसरी 'केव्हां झालें?' असें विचारते. हा भेद ज्याच्या ध्यानांत आला, त्याच्या निम्म्या चुका आपोआप सुटतात, असें आम्हांस वाटतें. आणि हा भेद केवळ परीक्षेच्या गुणांपुरता नाहीं, हें पुढें दिसेल.

रूपें कशीं होतात

प्रथम इंग्रजीचें सोपेपण पाहूं. मराठींत 'जाणें' या क्रियापदाचा भूतकाळ सांगावयाचा, तर पुरुषानें 'मी गेलों' म्हणावें, स्त्रीनें 'मी गेलें' म्हणावें. पुढें 'तूं गेलास, तूं गेलीस, तो गेला, ती गेली, तें गेलें, ते गेले, त्या गेल्या, तीं गेलीं', अशीं दहा रूपें तर बोलतां बोलतां निघतात. इंग्रजींत या सर्वांना मिळून एकच 'वेन्ट' पुरतें. मराठींत 'सीतेनें आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळें खाल्लें', असें कर्माचें लिंग पाहून क्रियापद बदलावें लागतें. इंग्रजींत सीतेनें कांहींहि खाल्लें तरी 'एट' हें रूप हलत नाहीं. लिंग, वचन आणि पुरुष यांपैकीं कोणाचीहि भीड इंग्रजी भूतकाळ धरीत नाहीं. 'असणें' या अर्थाच्या 'बी' या धातूचीं मात्र 'वॉज' आणि 'वेअर' अशीं दोन रूपें आहेत. तेवढा एकच अपवाद.

नियमित क्रियापदांना शेवटीं 'ई-डी' हीं दोन अक्षरें लागतात. मूळ शब्दाच्या अंतीं 'ई' असेल, तर केवळ 'डी' लावावी. अंतीं 'वाय' असून त्याच्या आधीं व्यंजन असेल, तर 'वाय'चा 'आय' होतो, जसें 'क्राय'चें 'क्राइड'. आधीं स्वर असेल, तर 'प्ले'प्रमाणें 'वाय' तसाच राहतो. 'स्टॉप'सारख्या एकाच ऱ्हस्व स्वराच्या शब्दांत शेवटचें व्यंजन दुप्पट होतें. दोन अवयवांच्या शब्दांत आघात कोठें आहे तें पाहावें. 'परमिट' या क्रियापदांत आघात शेवटीं आहे, म्हणून 'टी' दुप्पट. 'व्हिजिट'मध्यें तो आरंभीं आहे, म्हणून 'टी' एकच. लिहिण्याचे नियम एवढेच आहेत.

उच्चाराकडे आपल्याकडे फारसें लक्ष दिलें जात नाहीं. अक्षरें दिसतात म्हणून 'वॉकेड', 'आस्केड', 'वॉशेड' असे उच्चार आपण सर्रास ऐकतों. खरोखर या प्रत्ययाचे उच्चार तीन आहेत. कठोर ध्वनीपुढें तो 'ट' होतो, म्हणून 'स्टॉप्ट', 'वॉक्ट', 'वॉश्ट'. मृदु ध्वनि किंवा स्वर यांपुढें तो 'ड' राहतो, म्हणून 'रॉब्ड', 'कॉल्ड', 'प्लेड'. आणि धातूच्या अंतीं 'ट' किंवा 'ड' असेल, तर मध्यें एक इकार येतो, म्हणून 'वॉन्टिड', 'नीडिड'.

ज्या घरांत थोडेंबहुत संस्कृत आहे, त्या घरांतील मुलाला हें पाठ करण्याचें कारणच नाहीं. 'तप्' या धातूला 'त' प्रत्यय लावला, कीं 'तप्त' होतें. 'लभ्' या धातूला तोच प्रत्यय लावला, कीं धातूच्या मृदु व्यंजनामुळें प्रत्ययहि मृदु होऊन 'लब्ध' होतें. आणि 'पठ्' धातूला लावतांना मध्यें इकार येऊन 'पठित' होतें. तप्त, लब्ध, पठित; स्टॉप्ट, रॉब्ड, वॉन्टिड! यांतील इकाराचें साम्य केवळ योगायोगाचें आहे, हें खरें. परंतु इंग्रजी भूतकालवाचक धातुसाधिताचा 'ड' आणि संस्कृतचा 'त' हे मात्र एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत, असें तौलनिक भाषाशास्त्र सांगतें. मुलाला हें एकदां दाखवून दिलें, कीं परकी वाटणारी वस्तु दूरच्या आप्तासारखी भासूं लागते.

अनियमित म्हणजे अव्यवस्थित नव्हे

आतां खऱ्या दहशतीचा विषय, म्हणजे अनियमित क्रियापदें. 'बी, हॅव्ह, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट', हीं इंग्रजींत सर्वांत अधिक वापरांत असलेलीं दहा क्रियापदें होत, आणि तीं दहाहि अनियमित आहेत! हें पाहून इंग्रजांनीं परक्यांस छळण्याकरितांच हा बेत केला असावा, असें एखाद्या विद्यार्थ्यास वाटल्यास नवल नाहीं. परंतु यामागें एक साधा न्याय आहे. जें भांडें रोज हातांत असतें, त्याचा जुना घाट कोणी बदलीत नाहीं. जें रूप दिवसांतून शंभर वेळां तोंडीं येतें, तें पिढ्यानुपिढ्या जसेंच्या तसें पाठ राहतें. जें क्वचित् लागतें, तें विसरलें जातें आणि त्याच्या जागीं नियमित प्रत्यय येऊन बसतो.

या न्यायाची मोजदादहि झाली आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००७ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. जुन्या इंग्रजींतील १७७ अनियमित क्रियापदें त्यांनीं निवडलीं. त्यांपैकीं मध्ययुगीन इंग्रजींत १४५ आणि आजच्या इंग्रजींत ९८ अनियमित उरलीं, असें त्यांस आढळलें. एखादें क्रियापद दुसऱ्याहून शंभरपट कमी वापरांत असेल, तर तें दसपट वेगानें नियमित होतें, असा हिशेबहि त्यांनीं मांडला. 'हेल्प' या क्रियापदाचें भूतकाळचें रूप एके काळीं 'होल्प' असें होतें. आज तें 'हेल्प्ट' झालें आहे. म्हणजे मुलांना छळणारीं हीं रूपें भाषेंतील बेशिस्त मंडळी नसून, वाड्यांत टिकून राहिलेलीं सर्वांत जुनीं माणसें आहेत.

त्यांचीं कुळें ओळखलीं, तर पाठांतराचा भार पुष्कळ हलका होतो. 'सिंग, रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन' या सर्वांत 'इ'चा 'अॅ' होतो, 'सँग, रँग, ड्रँक, स्वॅम, बिगॅन'. 'राइट, राइड, ड्राइव्ह, राइझ' यांत 'आइ'चा 'ओ' होतो. 'नो, ग्रो, ब्लो, थ्रो' यांचीं 'न्यू, ग्रू, ब्लू, थ्रू' होतात. 'कीप, स्लीप, वीप' यांचा दीर्घ स्वर आंखडून पुढें 'ट' येतो. 'सेन्ड, लेन्ड, स्पेन्ड, बिल्ड' यांचा 'ड' जाऊन 'ट' होतो. 'पुट, कट, शट, हिट, लेट, सेट, हर्ट' हीं मुळींच बदलत नाहींत. आणि त्यांच्याकडे नीट पाहिलें, तर सर्वांच्या अंतीं 'ट' आहे, हें ध्यानांत येईल. आतल्या स्वराच्या पालटानें भूतकाळ दाखविणारें जें 'सिंग-सँग' कुळ, त्याचा संबंध थेट संस्कृतांतील लिट् लकाराशीं, म्हणजे परोक्ष भूताशीं, पोंचतो. वर्णानुक्रमानें शंभर शब्दांची यादी मुलापुढें टाकण्यापेक्षां अशीं पांच-सहा कुळें त्याला ओळखीचीं करून द्यावीं.

आणि खुद्द 'वेन्ट'चें काय? 'गो'चें 'वेन्ट' कसें होतें, हा प्रश्न प्रत्येक बुद्धिमान् मूल एकदां तरी विचारतें, आणि 'तें तसेंच आहे' एवढेंच उत्तर त्याला मिळतें. खरें उत्तर असें आहे कीं, तें 'गो'पासून झालेंच नाहीं. 'वळणें, मार्गक्रमण करणें' या अर्थाचा 'वेन्ड' म्हणून एक निराळा धातु होता. त्याचें 'वेन्ट' हें रूप 'गो'नें आपल्याकडे घेतलें आणि स्वतःचें जुनें रूप टाकून दिलें. विचित्र वाटतें ना? मग आपण आपल्याच घरांत पाहूं. 'जाणें' याचा भूतकाळ 'जाला' कां होत नाहीं, 'गेला' कां होतो? 'जा' हा संस्कृत 'या' धातूपासून आला, आणि 'गेला' हा 'गम्' धातूच्या 'गत' या रूपापासून. म्हणजे जो व्यवहार इंग्रजानें 'गो' व 'वेन्ट' यांत केला, तोच आपण त्याच क्रियापदांत करून बसलों आहों! 'करणें'चें 'केला', 'येणें'चें 'आला', 'मरणें'चें 'मेला', 'घेणें'चें 'घेतला', 'खाणें'चें 'खाल्ला', हीं सारीं आपलीं अनियमित रूपें. आपल्या मुलाला तीं कोणी पाठ करावयास लावलीं नाहींत, तरी तीं त्याला येतात.

लहान मूल मात्र तीं येण्यापूर्वीं 'केलें' ऐवजीं 'करलें' म्हणतें, आणि इंग्रजांचें मूल 'वेन्ट' ऐवजीं 'गोएड' म्हणतें. ही चूक म्हणजे बुद्धीची खूण होय. जीन बेर्को या विदुषीनें १९५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान मुलांपुढें 'रिक'सारखे बनावट धातु ठेवले होते; हा माणूस काल हेंच करीत होता, तर त्यानें काय केलें, असें विचारतांच पुष्कळ मुलांनीं 'रिक्ट' असें अचूक रूप सांगितलें. जो शब्द कधीं कानीं पडलाच नव्हता, त्याचें रूप पाठांतरानें येणें शक्य नाहीं. मुलांनीं नियमच आत्मसात् केला होता. तेव्हां घरांतील लहानग्यानें 'गोएड' म्हटलें, तर त्याला हंसूं नये वा रागावूं नये. आपण बोलतांना 'वेन्ट' म्हणावें, म्हणजे झालें.

'डिड'चें कोडें

आतां आरंभींच्या वाक्याकडे वळूं. 'तो गेला' या मराठी वाक्याचें निषेधरूप 'तो गेला नाहीं' असें होतें. यांत 'गेला' जसाच्या तसा राहिला. भूतकाळ त्याच्याच अंगावर आहे, 'नाहीं' केवळ नकार दाखवितें. मूल या साच्यांत इंग्रजी शब्द भरतें. 'गेला' म्हणजे 'वेन्ट', आणि 'नाहीं' म्हणजे 'डिड नॉट', अशी त्याची जुळणी असते. मराठीच्या दृष्टीनें ती अगदीं सरळ आहे.

इंग्रजीची रीति निराळी. तेथें नकार किंवा प्रश्न आला, कीं 'डू' हें क्रियापद मदतीला येतें आणि काळाचा सारा भार स्वतःवर घेतें; 'डू'चें 'डिड' होतें तें त्या भारामुळेंच. भार उतरल्यामुळें मुख्य क्रियापद आपल्या मूळ रूपांत परत जातें. म्हणून 'ही डिड नॉट गो', 'डिड ही गो?' असेंच म्हणावें लागतें. एका वाक्यांत भूतकाळाचें ओझें एकाच्याच डोक्यावर असतें, दोघांच्या नाहीं. शेक्सपियरच्या काळीं 'डू'वांचूनहि निषेध आणि प्रश्न करण्याची चाल होती. 'डू'ची ही व्यवस्था मुख्यतः सोळाव्या व सतराव्या शतकांत रूढ होत गेली. यांतहि एक मौज आहे. हा 'डू' आणि संस्कृतांतील 'धा' हे सगोत्र धातु आहेत. आणि नियमित क्रियापदांना लागणारा 'ई-डी' हा प्रत्ययहि मूळांत या 'डिड'चाच झिजलेला अवशेष असावा, असें पुष्कळ भाषापंडितांचें मत आहे. तें धरलें, तर 'डिड नॉट वॉक्ट' म्हणणें म्हणजे एकाच वाक्यांत 'डिड' दोनदां घालणें होय. 'डिड नॉट' म्हणजे 'नाहीं' नव्हे, 'डिड' म्हणजे 'केलें' आणि 'नॉट' म्हणजे 'न', एवढें मुलाला फोडून सांगितलें, तर तांबड्या रेघेचें काम उरत नाहीं.

'झालें का?' आणि 'केव्हां झालें?'

रूपांपेक्षां उपयोगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बाहेरून हांक आली, कीं आपण आंतून 'आलों, आलों!' असें ओरडतों, तेव्हां आपण आलेलों नसतों. अजून जागेवरून उठलेलोंहि नसतों. 'तो आला तर मला सांगा' या वाक्यांतील येणें उद्यांचें आहे. 'मला भूक लागली', 'झोप आली', 'समजलें का?' या वाक्यांतील भूक, झोप आणि समज हीं सारीं आतांचीं आहेत. रूप भूतकाळाचें, आणि अर्थ कधीं भविष्याचा, कधीं वर्तमानाचा! हीं वाक्यें इंग्रजींत नेतांना साधा भूतकाळ मुळींच चालत नाहीं. 'आलों, आलों' याला 'आय अॅम कमिंग', 'तो आला तर' याला 'इफ ही कम्स', 'भूक लागली' याला 'आय अॅम हंग्री', 'समजलें का?' याला 'डू यू अंडरस्टँड?'. चारहि ठिकाणीं इंग्रज वर्तमानकाळ वापरतो.

असें कां व्हावें, याचें उत्तर पुन्हां संस्कृताजवळ आहे. संस्कृतांत भूतकाळाचे तीन लकार होते. लुङ् हा सामान्य भूत. लङ् हा अनद्यतन भूत, म्हणजे आजचा नव्हे अशा गोष्टीचा. आणि लिट् हा बोलणाऱ्यानें स्वतः न पाहिलेल्या गोष्टीचा. वाङ्मयांत हे भेद पुढें पुष्कळ पुसट झाले, तरी व्याकरणानें ते कायम ठेवले. मराठीला या तिघांपैकीं एकहि वारसा मिळाला नाहीं. आपला 'गेला', आपलें 'केलें' हीं 'गत', 'कृत' या धातुसाधितांपासून प्राकृतांतून 'ल' घेऊन आलीं. 'गत' म्हणजे 'गेलेला', 'कृत' म्हणजे 'केलेलें'; त्यांत पुरेपणा आहे, परंतु 'केव्हां' याचा पत्ता नाहीं. 'सीतेनें आंबा खाल्ला' यांत क्रियापद सीतेकडे न पाहतां आंब्याकडे कां पाहतें, याचेंहि कारण हेंच; तें मूळचें आंब्याचें विशेषणच होतें. इंग्रजी साध्या भूतकाळाची वृत्ति याच्या उलट, अनद्यतन लङ् लकारासारखी आहे. मात्र तेथें रेघ 'आज' आणि 'काल' यांच्यामध्यें नसून 'आतां' आणि 'तेव्हां' यांच्यामध्यें आहे. आज सकाळची गोष्टहि, ती 'तेव्हां'ची म्हणून सांगितली, तर साध्या भूतकाळांत जाते.

म्हणून 'काल', 'गेल्या वर्षीं', '१९४७ सालीं', 'लहानपणीं' असा काळ स्पष्ट दिला असेल, किंवा तो बोलणाऱ्याच्या मनांत ठाम असेल, तेथें साधा भूतकाळच पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित माणसें 'मी त्यांना काल पाहिलें आहे' या धर्तीवर 'आय हॅव्ह सीन हिम येस्टरडे' म्हणतात, तें इंग्रजी कानाला खटकतें. 'हॅव्ह सीन' हें रूप आतांशीं जोडलेलें, आणि 'येस्टरडे' तर आतांपासून तुटलेलें. गोष्ट सांगतांना एकामागून एक घडलेल्या घटना, पूर्वींची संवय आणि पूर्वींची स्थिति यांनाहि साधा भूतकाळच लागतो. 'आजोबा रोज पहांटे उठत' यासाठीं मराठींत निराळा रीतिभूतकाळ आहे; इंग्रजींत 'गॉट अप' एवढ्यानें भागतें. येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. 'मी आतांच जेवलों' या वाक्याला इंग्लंडांत 'आय हॅव्ह जस्ट ईटन' म्हणण्याची रीति आहे, परंतु अमेरिकेंत 'आय जस्ट एट' असें सर्रास म्हणतात. अमेरिकेंतून आलेल्या नातवाचें इंग्रजी या बाबतींत दुरुस्त करण्याची घाई आजोबांनीं करूं नये.

'आतां'पासून तुटणें हाच या काळाचा जीव असल्यामुळें, तो केवळ काळाचेंच अंतर दाखवून थांबत नाहीं. जी गोष्ट वस्तुस्थितीपासून दूर आहे, तिलाहि इंग्रज हेंच रूप देतो. 'इफ आय न्यू' म्हणजे 'मला ठाऊक असतें तर'. येथें भूतकाळाचा मुळींच संबंध नाहीं, ठाऊक नाहीं एवढेंच सांगावयाचें आहे. तसेंच, आदरानें थोडें दूर उभें राहावयाचें असेल तेव्हां 'आय वॉन्टेड टु आस्क' असें तो म्हणतो, वास्तविक त्याला तें आतांच विचारावयाचें असतें. आपणहि 'जरा विचारावयाचें होतें' असें म्हणून हाच विनय पाळतों. तेव्हां ही गोष्ट आपल्या मुलांना समजण्यास कठीण पडूं नये.

एका रूपानें अर्थ फिरतो

कोणी म्हणेल, समजणाऱ्याला समजतें, मग एवढा काथ्याकूट कशाला? आम्ही दोन उदाहरणें देतों. एक तरुण नोकरीसाठीं अर्ज करतो. 'मी या संस्थेंत आठ वर्षें काम केलें' असें मराठी वाक्य मनांत धरून तो 'वर्क्ट फॉर एट इयर्स' असें लिहितो. तो आजहि तेथेंच आहे, हें त्याला ठाऊक आहे. वाचणाऱ्याला मात्र त्यानें ती नोकरी सोडली, असाच अर्थ कळतो. मग सोडली कां, मध्यंतरीं काय केलें, असे प्रश्न उभे राहतात. 'हॅव्ह वर्क्ट' असें लिहिलें असतें, तर शंकेला जागाच नव्हती.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबें आज परदेशीं आहेत, आणि मुलांकडे राहावयास गेलेल्या आई-वडिलांवर तेथील डॉक्टरांशीं इंग्रजींत बोलण्याचा प्रसंग येतो. नातीला तीन दिवस ताप आहे. आजी सांगते, 'शी हॅड फीव्हर फॉर थ्री डेज'. रूप शुद्ध आहे, व्याकरणाची एकहि चूक नाहीं. परंतु ऐकणारा डॉक्टर असें समजेल कीं, ताप तीन दिवस होता आणि आतां गेला. 'शी हॅज हॅड फीव्हर' म्हटलें, म्हणजे ताप अजून आहे असें होतें. 'हॅज' या एका लहान शब्दावर ताप असणें आणि नसणें अवलंबून आहे! अशा वेळीं काळाचें रूप संशयाचें वाटलें, तर 'आणि तो आतांहि आहे' असें एक स्वतंत्र वाक्य जोडावें, हा सर्वांत सुरक्षित मार्ग.

घरीं काय करावें

घरांतील मुलांसाठीं आमच्या सूचना साध्या आहेत. अनियमित क्रियापदें कुळवार शिकवावींत, आणि प्रत्येक कुळाला मराठींतील 'केला-मेला-गेला' यांची जोड दाखवावी, म्हणजे अनियमितपणा हा परक्या भाषेचा खोडसाळपणा वाटणार नाहीं. 'डिड' आला, कीं मुख्य क्रियापदावरचें ओझें उतरलें, हें बोलून दाखवावें. वाक्य प्रथम होकारार्थी, मग नकारार्थी आणि मग प्रश्नार्थी, असें तीन वेळां म्हणवून घ्यावें. रात्रीं जेवणानंतर मुलानें दिवसाची हकीकत पांच इंग्रजी वाक्यांत सांगावी. प्रत्येक वाक्यानंतर आईनें किंवा आजोबांनीं मराठींतच 'केव्हां?' असें विचारावें. उत्तर देतां आलें, तर साधा भूतकाळ बरोबर. 'केव्हां तें महत्त्वाचें नाहीं, पण झालें आहे' असें उत्तर आलें, तर 'हॅव्ह' घेतलें पाहिजे. ज्या आजीला इंग्रजी येत नाहीं, तिलाहि ही परीक्षा घेतां येईल, हा या उपायाचा मोठा गुण आहे.

इंग्रजी चांगलें यावें म्हणून घरांतील मराठी बाजूस सारण्याची प्रवृत्ति आज पुष्कळ ठिकाणीं दिसते. आम्हांस ती घातक वाटते. 'गेला' कोठून आला हें ज्या मुलाला कळलें, त्याला 'वेन्ट' समजावयास वेळ लागत नाहीं. आणि ज्याला आपला 'आलों' कशा कशा अर्थानें येतो हें ठाऊक आहे, तोच इंग्रजींत तो कोठें चालणार नाहीं हें ओळखूं शकेल. मुलाची पुढली चूक दिसेल, तेव्हां तांबडी रेघ ओढण्यापूर्वीं तें वाक्य त्याच्याकडून एकदां मराठींत म्हणवून घ्यावें, एवढी आमची वाचकांस विनंति आहे.